खरा मित्र न बोलावता येतो

१ जानेवारी, गुरुवार

काल कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावरून रिटायर झालो. शाल, नारळ, भाषणं. मॅनेजरसाहेब म्हणाले, सदाशिवराव, आता आरामात जगा. मी तिथेच ठरवलं, नुसतं आरामात नाही, आनंदात जगायचं. आराम काय, कोणीही करतो.

नव्या वर्षाचा संकल्प: आनंदी होणे. मुदत: होळीपर्यंत.

ही रोजनिशी फक्त माझ्यासाठी आहे, म्हणून यात सगळं खरंच लिहीन. उदाहरणार्थ, मी मुळात अतिशय शांत स्वभावाचा माणूस आहे. घरात कोणाला पटत नाही.

पहाटे पाचला उठायचं होतं. आठला उठलो. थंडी फार. उद्यापासून.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे बाबुलालच्या हॉटेलात रहेमानबरोबर चहा. रहेमान चौथीपासूनचा मित्र, बाजारात त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. त्याला संकल्प सांगितला. तो इतका हसला की चहा नाकात गेला. मग म्हणाला, "खुश माणसाले खुश व्हाचा क्लास कायले लागते बे?"

मी क्लासचं काही बोललोच नव्हतो. पण कल्पना चांगली वाटली.

२ जानेवारी, शुक्रवार

पाचचा गजर वाजला. विमलने बंद केला. बायकोचा सपोर्ट नसेल तर माणूस पुढे जात नाही.

फोनवर जाहिरात सापडली. 'आनंदी जीवनाची गुरुकिल्ली. एक दिवसाचं शिबिर, यवतमाळ. मार्गदर्शक नयन सर, हॅपीनेस कोच.' नाव नोंदवलं. विमलने विचारलं, तिथे जेवण आहे का. ही माणसं जेवणाच्या पुढे विचारच करत नाहीत.

३ जानेवारी, शनिवार

शेतशेजारी शंकरसिंगकडे नातवाच्या बारशाचं जेवण. सकाळीच आवतन आलं, तेही चूलबंद. म्हणजे अख्खं घर जेवायला, आपली चूल पेटवायचीच नाही. मग काय, आंघोळ करा, इस्त्रीचे कपडे घाला आणि घरापुढच्या ओट्यावर बसून राहा. कारण आवतन मिळालं म्हणून आपण होऊन उठून जायचं नाही. स्वयंपाक झाला की बोलवायला माणूस येतो, तेव्हा निघायचं. आधी गेलं तर हावरट म्हणतात. स्वयंपाक झाला का म्हणून विचारणं तर त्याहून वाईट.

पोटात कावळे ओरडत होते. शेवटी रहेमानची लुना ऐकू आली. गावात कोणाचंही कार्य असो, बोलवायला रहेमानच जातो. त्याच्या लुनाला सायलेन्सर नाही, तीन गल्ल्या आधीपासून ती ऐकू येते. दारोदार थांबून "चला बापा, पातेलं उतरलं" म्हणत हिंडतो. वेळेचा केवढा अपव्यय. एक मेसेज टाकला की काम झालं.

जेवण बरं होतं. रहेमानने आग्रह करकरून बुंदीचे लाडू वाढले. ॲसिडिटी झाली. चूक त्याची.

४ जानेवारी, रविवार

आज माझ्या आयुष्याला वळण मिळालं.

नयन सर वयाने लहान आहेत, सत्तावीस-अठ्ठावीसचे. पण बोलणं काय. हसा, आभार माना, निगेटिव्ह माणसं दूर ठेवा. एवढंच. इतकं सोपं मला साठ वर्षं कोणी सांगितलं नाही. शेवटी ते म्हणाले, "खरा मित्र न बोलावता येतो." सगळा हॉल उभा राहिला. मीही राहिलो. पाय आखडला होताच.

जेवण होतं. पण भाजी पातळ.

सरांनी खासगीत माझा फोन नंबर घेतला. माझ्यात त्यांना काहीतरी दिसलं असणार.

५ जानेवारी, सोमवार

सूत्र पहिलं, हसणे. सर म्हणाले होते, मोकळ्या हवेत, पोटातून, कारण नसताना. पहाटे (साडेसातला) शेतात गेलो. गावापासून लांब नाही, सायकलने पोचतो. हरभऱ्याच्या मधोमध उभा राहिलो आणि हसलो.

शेजारच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, शंकरसिंगने फटाका फोडला. त्याला वाटलं, हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगाय, शिरला. मग काठी घेऊन पळत आला, मला बघून थांबला आणि विचारलं, साप चावला का. मी म्हटलं, मी आनंदी आहे. त्याने दोन पावलं मागे घेतली.

शेजारी निगेटिव्ह आहे. नोंद.

६ जानेवारी, मंगळवार

सूत्र दुसरं, आभार. विमलने चहा दिला. मी उभा राहून, हात जोडून, डोळ्यांत बघून म्हणालो, विमल, तू माझ्यासाठी जे करतेस त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. तिने कप काढून घेतला. कपाळाला हात लावून बघितला. मग आत जाऊन नागपूरला खुशीला फोन. मुलीला सांगत होती, बाबाचं लकव्यासारखं तोंड वाकडं नाही झालं, पण बोलणं वेगळंच येऊन राह्यलं.

खुशीने मला व्हिडिओ कॉलवर दोन्ही हात वर करायला लावले. केले. ती म्हणाली, ठीक आहे, तरी बीपी बघून घ्या.

बीपी वाढलं आहे. आभार उद्यापासून कमी प्रमाणात.

७ जानेवारी, बुधवार

आज सूत्र तिसरं. हे मला सर्वांत सोपं जाणार. आयुष्य काट्यावर गेलं. गाडीत कापूस किती आणि वर मारलेलं पाणी किती, हे मी नुसतं बघून सांगत असे. माणसं तोलणं काय अवघड.

प्रत्येक मित्र मनाच्या काट्यावर ठेवला. बाबुलाल ठीक. शंकरसिंग सुधारण्यासारखा. रहेमानपाशी काटा अडकला. तो माझ्या प्रत्येक गोष्टीवर हसतो. संकल्पावर हसला. शिबिराचं सर्टिफिकेट दाखवलं तर त्यावरचा माझा फोटो बघून हसला. सरांच्या व्याख्येप्रमाणे हा माणूस माझी एनर्जी ओढतो.

दुपारी त्याच्या दुकानात जाऊन शांतपणे फीडबॅक दिला. म्हटलं, रहेमान, तू माझ्यावर हसतोस, ते मला चालणार नाही. तुझी लुना फार आवाज करते, माझ्या ध्यानात व्यत्यय येतो. आणि काही दिवस आपण संध्याकाळचा चहा बंद ठेवू, मला स्वतःवर काम करायचं आहे.

तो एका मोटरीत तार भरत होता. हात थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं, हसला नाही. म्हणाला, "बरं." आणि पुन्हा तार भरू लागला.

किती मॅच्युअर संवाद. बाहेर आलो तर डोळ्यांत पाणी. वार्निशचा वास फार असतो त्या दुकानात.

८ जानेवारी, गुरुवार

संध्याकाळचा चहा घरी घेतला. चव नाही. विमलला विचारलं, दूध बदललं का. ती म्हणाली दूध तेच, पिणारा बदलला.

निगेटिव्ह माणूस दूर केल्याने वेळ किती वाचतो. सहा ते आठ मोकळा. भिंतीकडे बघितलं. भिंतीला पोपडे आलेत.

१० जानेवारी, शनिवार

जागा रिकामी झाली की नवे पॉझिटिव्ह मित्र येतात, असं सर म्हणाले होते. रोज सकाळी गावाच्या ग्रुपवर सुविचार टाकतो आहे, फुलांच्या फोटोसह. कोणाचं उत्तर नाही. लोक आतून बदलत असावेत.

मित्र म्हणून शंकरसिंगला ट्राय केलं. धुऱ्यावर बसवून विचारलं, तुझं स्वप्न काय आहे. तो म्हणाला, परवा डुकरं आलती स्वप्नात, सारा चना उकरून गेली. आणि मग डुकरांवर बराच वेळ बोलला.

बाजारातून येताना चुकून रहेमानच्या दुकानासमोरून आलो. येतानाही आणि, पिशवी विसरली म्हणून परत जातानाही. त्याचं लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं. त्याने नवीन स्टूल आणलं आहे, निळं.

१२ जानेवारी, सोमवार

शेतातली मोटर बंद पडली. हरभऱ्याला पाणी द्यायचं आहे. विमल म्हणाली, रहेमानभाऊले सांगा. मी म्हटलं, प्रत्येक गोष्टीत दुसऱ्यावर अवलंबून राहणं हेच दुःखाचं मूळ आहे.

फोनवर व्हिडिओ बघून स्टार्टर उघडला. एक वायर हातात आली. दुसरीही आली. मग सरांची पद्धत वापरली. स्टार्टरवर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हटलं, तू सुरू होणार आहेस, तू समर्थ आहेस. बराच वेळ म्हटलं. शंकरसिंग लांबून बघत होता. आज फटाका नाही फोडला. नुसता बघत होता.

१३ जानेवारी, मंगळवार

चमत्कार.

सकाळी शेतात गेलो, बटण दाबलं, मोटर सुरू. पाणी धो धो. अंगावर काटा आला. विचारांची ताकद म्हणतात ती हीच.

स्टार्टरच्या आत नवीन वायर दिसली, काळी. आधी लक्ष गेलं नसेल. विहिरीजवळच्या ओल्या मातीत कोणाच्या तरी गाडीच्या चाकाची बारीक रेघ होती. लोक कुठूनही गाड्या घालतात.

हे रहेमानला सांगितलं असतं तर तो हसला असता. म्हणून सांगत नाही. सांगायला तसा दुसराही कोणी नाही.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

आज मौन. सरांनी महिन्यातून एकदा सांगितलं आहे. गळ्यात पाटी अडकवली, 'आज मौन. आतून बोलतो आहे.'

संध्याकाळी रहेमान आला. दर संक्रांतीला येतो, शाळेपासून. धुतलेला पांढरा शर्ट. दारात उभा राहून त्याने पाटी वाचली. म्हणाला, "आज तं गोड बोलाचा दिवस हाये ना बे."

मी पाटीकडे बोट दाखवलं.

त्याने विमलकडून तिळाचा लाडू घेतला, अर्धा मोडून माझ्या हातावर ठेवला आणि गेला. लुना सुरू नाही केली. हाताने ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत नेली. फीडबॅकचा किती चांगला परिणाम होतो माणसावर.

मौन शंभर टक्के यशस्वी. फक्त विमल रात्रीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तिचंही मौन असेल.

१६ जानेवारी, शुक्रवार

नयन सरांचा फोन. माझं नाव त्यांच्या लक्षात होतं (शिवराम म्हणाले). ते 'मित्रांनी श्रीमंत माणूस' असा व्हिडिओ बनवणार आहेत. ग्रामीण भागातला एखादा आनंदी माणूस हवा, भोवती मित्रांची गर्दी. काका, तुमच्याकडे मित्र आहेत ना. मी म्हटलं, अख्खं गाव.

व्हिडिओ चांगला झाला तर मी जिल्ह्याचा हॅपीनेस ॲम्बॅसडर. तसं पत्र देणार आहेत.

प्लॅन: रविवारी, २५ तारखेला, शेतात मारोतीजवळ रोडगे. हिवाळ्यात गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण, वर तूप. अख्खं गाव चूलबंद. यात निगेटिव्ह-पॉझिटिव्ह भेद नाही, सगळे. रहेमानसुद्धा. मन मोठं ठेवायचं.

आणि यात एक परीक्षा लपवणार आहे. त्या दिवशी कोणालाही बोलवायला पाठवायचं नाही. जो खरा मित्र आहे तो न बोलावता येईल. जुनी वेळखाऊ पद्धत बंद. ही सुधारणा गावात माझ्यामुळे येणार.

१९ जानेवारी, सोमवार

ग्रुपवर मेसेज टाकला. 'रविवारी दुपारी माझ्या शेतात रोडगे, चूलबंद.' खाली गुलाबाचं फूल. त्याखाली, 'बोलवायला कोणी येणार नाही, कारण खरा मित्र न बोलावता येतो.'

उत्तर नाही. बाबुलालला विचारलं, मेसेज बघितला का. तो म्हणाला, भाऊ, तुमचे फुलं लय येतात, म्हून म्या ग्रुप गप करून ठेवला. बाकीच्यांनीही तसंच केलं म्हणे. बाकीचे म्हणजे सगळे.

२१ जानेवारी, बुधवार

विमल स्वतः घरोघर जाऊन आवतन देऊन आली. चूलबंद. मी म्हटलं, मेसेज टाकला होता. ती म्हणाली, फुलाले पाहून कोणी जेवाले येते काय.

रहेमानकडेही गेली. त्याची बायको जैबुनबी म्हणाली, नक्की येऊ. विमल म्हणते, रहेमानभाऊ लुनाले काहीतरी बसवत होते.

मला काय त्याचं.

२४ जानेवारी, शनिवार

तयारी पूर्ण. गोवऱ्या, कणीक, वांगी, पत्रावळी. उद्याचं भाषण पाठ केलं. पहिलं वाक्य: "मित्रांनो, इतके सगळे तुम्ही न बोलावता आलात." इथे आवाज भरून आला पाहिजे. आरशासमोर तीनदा भरून आणला.

विमलने विचारलं, उद्या बोलवाले कोण जाईन. मी म्हटलं, सगळी सोय झाली आहे. तिचा चेहरा एकदम उजळला. म्हणाली, "गेले ना रहेमानभाऊकडे? बरं केलं." मी काही बोललो नाही. उजळलेला चेहरा विझवू नये, हेही एक सूत्र म्हणायला हरकत नाही.

२५ जानेवारी, रविवार. सकाळ

ऐतिहासिक दिवस. विमल आणि लालीबाई पहाटेपासून शेतात. लालीबाई आमच्याकडे कामाला असते, रोडगे भाजण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. सरांच्या सूचनेवरून फोन बंद करून ठेवला, डिजिटल उपवास. विमलचा फोन घरी चार्जिंगला. सर्वत्र शांतता आणि तुपाचा वास.

दुपारी बारा

नयन सर आले. सोबत स्टँड, दिवा, काळा चष्मा. रोडगे तयार. मारोतीला नैवेद्य झाला. पत्रावळी मांडल्या, निंबाखाली दोन लांब रांगा. सरांनी पहिल्या पत्रावळीमागे मला बसवलं आणि मित्रांची वाट बघत आहात असा चेहरा करा म्हणाले. केला.

दुपारी एक

तोच चेहरा चालू आहे.

दीड

आतापर्यंत न बोलावता आलेले: शंकरसिंगचा कुत्रा.

विमलने दोनदा विचारलं, धाडलं ना बोलवाले. मी म्हटलं, येतील. माणसाने श्रद्धा ठेवावी. ती माझ्याकडे अशी बघते आहे जशी आयुष्यात क्वचितच बघितली असेल.

सव्वादोन

सर म्हणाले, काका, एनर्जी लो झाली, मी थोडं खाऊन घेतो. थोडं म्हणजे चार रोडगे. वांग्याची भाजी तीनदा. मी त्यांना सहज विचारलं, सर, तुमचे किती मित्र. ते म्हणाले, अठरा हजार. आणि निंबाखाली झोपले.

परीक्षा घेतली ते एका अर्थी बरंच झालं. अख्खं गाव नापास झालं. एकही नाही. ज्याच्या पोराच्या लग्नात मी रात्रभर मांडव धरून उभा होतो तो नाही. ज्याला दवाखान्यात नेलं तो नाही. रहेमान नाही. बाकी कोणी न येवो, रहेमान नाही.

मला याचं काहीच वाटत नाही. तुपाचा धूर डोळ्यांत जातो आहे.

आता गावात जातो आहे. भांडायला नाही. फक्त एवढंच सांगायला की मी कोणावर रागावलेलो नाही. एकेकाला सांगणार. सुरुवात रहेमानपासून.

संध्याकाळ

क्रमाने लिहितो, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

सायकलने गावात शिरलो तर सगळीकडे चिडीचूप. एकाही घरातून धूर नाही. बाबुलालचं हॉटेल बंद. मला वाटलं, कोणी मोठा माणूस गेला. शंकरसिंगच्या ओट्यावर शंकरसिंग बसलेला, कडक इस्त्रीचं धोतर, डोक्याला पागोटं, भिंतीला टेकून. बाजूला त्याचा नातू बिस्किटाचा रिकामा पुडा चाटत होता. शंकरसिंगने मला बघितलं आणि बारीक आवाजात विचारलं, "भाऊ, झाले का रोडगे?"

मी म्हटलं, बारा वाजताच झाले. काहून नाही आले?

तो म्हणाला, "बोलवाले कोणीच नाही आलं ना."

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरीही. पावडर लावलेल्या बायका, तेल लावून भांग पाडलेली पोरं, सगळे ओट्यावर, सगळे उपाशी. सकाळपासून गावात एक चूल पेटली नव्हती. कोणी फोन करून विचारलंही नाही, कारण स्वयंपाक झाला का म्हणून कसं विचारावं. बाबुलाल म्हणाला, आमी तं लुनाचाच कान घेऊन बसलो. सकाळपासून दोन फटफट्या गेल्या, दोन्ही वेळेस सारे उभे राह्यले, न मंग बसले.

म्हणजे माझं अख्खं गाव माझ्या जेवणासाठी नटून बसलं होतं आणि मी तिकडे त्यांना नापास करत होतो.

रहेमानच्या दारात पोचलो. तो पायरीवर बसला होता, संक्रांतीचाच पांढरा शर्ट घालून. लुना पुसून समोर उभी. किल्ली हातात. आतून जैबुनबीभाभींनी डोकावून बघितलं आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला. रहेमानने रात्रीपासून काही खाल्लेलं नसावं, ओठ सुकले होते.

मी रागावलेलो नाही हे सांगायला आलो होतो. ते वाक्य काही केल्या आठवेना. म्हटलं, तू तरी यायचं होतंस.

"कसा येऊ?" रहेमान म्हणाला. "साऱ्याइले बोलवाले मी जातो. मले बोलवाले कोण येते? आजपर्यंत कोणी आलं नाही बे. काम असते म्हून मी जातो न जेवतो. या वक्ती तुह्यं काम नोतं. आवतन होतं. म्हून वाट पाहून राह्यलो."

मी सायकल तशीच सोडून दिली, ती पडली. माझी शुद्ध मराठी कुठे गेली कोण जाणे. मी म्हटलं, "चाल ना रहेमान, जेवाले चाल. भाभी, तुमी बी चाला. पातेलं कवाचं उतरलं."

तो उठला. किल्ली फिरवली. लुना सुरू झाली आणि मला कळेना की सुरू झाली की नाही. आवाजच नाही. त्याने सायलेन्सर बसवून घेतला होता. माझ्या ध्यानासाठी.

मग लुनावर तो पुढे, मी मागे. गल्लीत गेलो तर कोणाला ऐकूच जाईना, लुना मांजरीसारखी चालते. म्हणून ओरडायचं काम मला करावं लागलं. आयुष्यात पहिल्यांदा दारोदार "चला बापा, पातेलं उतरलं" म्हणत हिंडलो. तिसऱ्या दारापासून आवाज लागला. लोक ओट्यावरून उड्या मारत होते. शंकरसिंग पागोटं हातात धरून पळत होता, त्याच्यापुढे नातू. एका गल्लीत रहेमान हसायला लागला, मग मीही, कारण नसताना, पोटातून, मोकळ्या हवेत. लुना लटपटली आणि आम्ही दोघे नालीच्या काठावर पडलो. लोक आम्हाला ओलांडून शेताकडे गेले. कोणी थांबलं नाही. रोडगे गार होत होते.

पंगती पाच झाल्या. रोडगे पुरले नाहीत, लालीबाईने पुन्हा कणीक मळली. रहेमानने मला आग्रह करकरून वाढलं. भाषण राहिलं. नयन सर तोवर निघून गेले होते, स्टँडसकट. गर्दीचं शूटिंग मात्र झालं नाही.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनाला गेलो. पोटात दुखत होतं तरी.

सरांचा व्हिडिओ आला. निंबाखाली रिकाम्या पत्रावळींच्या दोन रांगा, त्यामागे मी एकटा, बाजूला कुत्रा. मागे बासरी. खाली अक्षरं, 'मित्र नसले तरी आनंदी कसे राहावे. भेटा यवतमाळ जिल्ह्यातील सर्वांत एकट्या काकांना.'

बाबुलालच्या हॉटेलात सगळ्या गावाने मिळून बघितला. पुन्हा पुन्हा लावला. कुत्र्याचा शंकरसिंगला अभिमान. रहेमानच्या नाकात चहा गेला. खुशीचा नागपूरहून फोन, बाबा हात वर करा.

ॲम्बॅसडरच्या पत्राचं सर काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. एवढं मोठं पद स्वीकारायला सध्या वेळ कुठे आहे. संध्याकाळी सहा ते आठ तर अजिबात नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

चहाला चव आली. बाबुलालने दूध बदललं असावं.

रहेमानला म्हटलं, तो सायलेन्सर काढून टाक, गावाचे हाल होतात. तो म्हणाला, उद्याच काढतो.

तरीही माझ्या अभ्यासात काहीच तथ्य नव्हतं असं त्याला वाटू नये, म्हणून मोटरीचा चमत्कार सांगितला. मनाची एकाग्रता कशी केली, स्टार्टरवर हात कसा ठेवला, दुसऱ्या दिवशी पाणी कसं धो धो आलं, सगळं सविस्तर. म्हटलं, आता सांग, याला काय म्हणशील.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. बशीतला चहा संपवला. हसला नाही.

"त्या स्टार्टरले आता हात नको लावू," म्हणाला. "अंधारात जोडली ती वायर, कच्ची हाये. शुक्रवारी येऊन पक्की करतो."

मी माझ्या कपातला अर्धा चहा त्याच्या रिकाम्या बशीत ओतला. मला तसाही एवढा चहा जास्त होतो.